थरथरणाऱ्या हातांना शपथ पुरत नाही

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून ४२ वर्षांचे एक शेतकरी लिहितात: घरी सहा एकर वावर आहे, कपाशी आणि तूर घेतो, बायको आणि दहावीतली मुलगी असा संसार आहे. बारा वर्षांपासून संध्याकाळी देशी घेतो. आधी एक पव्वा पुरायचा, आता दोन लागतात. चार वर्षांपासून सकाळी चहाचा कप हातात धरवत नाही, म्हणून उठल्याउठल्या दोन घोट घ्यावे लागतात. दोनदा सोडून पाहिली. तीन वर्षांपूर्वी आषाढी एकादशीला माळ घातली. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या, आणि वारलेल्या वडिलांशी मी बोलत होतो असे घरचे सांगतात. भगताकडून अंगारा आणला. शेवटी शेजाऱ्याने पव्वा पाजला तेव्हा शांत झालो आणि माळ उतरवून ठेवली. मागच्या वर्षी गुढीपाडव्याला मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती पोळ्यापर्यंत टिकली. त्या दिवशी मित्र म्हणाले, "आज पोयाले बी नाही घेशीन तं मंग कवा घेशीन?" एक घोट घेतला आणि पंधरा दिवसांत पुन्हा होतो तिथेच आलो. बायकोचा मावसभाऊ चार वर्षांपासून दारूपासून दूर आहे. तो दर रविवारी तालुक्याच्या गावी अशाच लोकांच्या बैठकीला जातो. एकदा त्याच्यासोबत गेलो, शेवटच्या खुर्चीवर बसलो आणि मध्येच उठून आलो, कारण समोर साडूच्या गावचा एक जण बसलेला दिसला. दहा बेवडे एकमेकांना काय शिकवणार? रोज एकाच पव्व्यावर आलो तर चालणार नाही का? धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, सोबत बसणारे चार मित्र सुटले तर गावात माझे कोण उरेल? की माझी इच्छाशक्तीच कमी आहे? पोळा दीड महिन्यावर आला आहे.

भाऊ,

तुमच्या पत्रातला शेवटून दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मात्र त्याच्याकडे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगणे भाग आहे, कारण तिच्यात जिवाचा धोका आहे. हे उत्तर वाचून उद्या सकाळपासून एकदम दारू बंद करू नका. आधी डॉक्टरांना भेटा.

माळ घातल्यानंतर तिसऱ्या रात्री जे झाले ते बाहेरची बाधा नव्हती आणि तुमच्या निश्चयाचा पराभवही नव्हता. दारू मेंदूला दाबते, सुस्त करते. वर्षानुवर्षे रोज दारू पोहोचत राहिली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून स्वतःला जागा ठेवायला शिकतो. रस्सीखेचीत समोरच्या गड्याने एकाएकी दोर सोडला की आपण मागे कोलमडतो, तसे दारू अचानक थांबली की मेंदूचा तो लावलेला जोर मोकाट सुटतो. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात. रात्री घेतलेली दारू पहाटे उतरते आणि सकाळी कप धरवत नाही तो याचमुळे. मग घाम, धडधड, मळमळ, झोप उडणे. पहिल्या दोन दिवसांत काहींना झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींचे भान हरपते, नसलेल्या मुंग्या, किडे, माणसे दिसतात, ताप चढतो. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. पव्वा पाजताच तुम्ही शांत झालात त्याचे कारणही हेच, आणि त्याच कारणाने घरातल्यांचा समज झाला असणार की याला दारूशिवाय जगताच येत नाही.

म्हणून "माझी इच्छाशक्ती कमी आहे का" या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की त्या रात्री इच्छाशक्तीचा संबंधच नव्हता. हगवणीने गळालेल्या माणसाला कोणी निश्चय कर म्हणून सांगत नाही, सलाईन लावतात. दुसऱ्या वेळी तर तुम्ही पाडव्यापासून पोळ्यापर्यंत, म्हणजे जवळपास पाच महिने, एकट्याच्या बळावर काढलेत. त्यात पेरणी आली, डवरणी आली, उसनवारी आली. इतके दिवस कोरडे राहिलेल्या माणसाला मी कमकुवत म्हणणार नाही.

तेव्हा पहिले काम हे. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. वर्ध्याकडे नातेवाईक असतील तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाचाही विचार करता येईल. दारू सोडवण्याचे उपचार याच विभागात होतात. त्याला वेड्यांचा दवाखाना समजून दारातून परत फिरू नका. डॉक्टरांना तीन गोष्टी न लपवता सांगा: रोज किती घेता, सकाळी घ्यावी लागते, आणि मागे सोडली तेव्हा भास झाले होते. ही तिसरी गोष्ट तर आवर्जून सांगा, कारण एकदा असा त्रास झालेल्याला पुढच्या वेळी तो अधिक तीव्रतेने होऊ शकतो, आणि अशा माणसाला काही दिवस भरती करून घेणेच सुरक्षित असते. साधारण आठवडाभर उतरत्या मात्रेत गोळ्या देतात, सोबत जीवनसत्त्व बी-१ देतात. रोज पिणाऱ्याच्या शरीरात ते फार कमी झालेले असते आणि ते वेळेत मिळाले नाही तर तोल आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. त्यानंतर ओढ कमी करणारी औषधेही आहेत. या गोळ्या ओळखीच्या मेडिकलमधून आणून घरच्या घरी घेऊ नका. एखाद्या रात्री घरात कोणाला झटका आला किंवा भान गेले तर अंगाऱ्याची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

आता एका पव्व्याचा प्रश्न. कमी करणे ही वाट मुळातच चुकीची आहे असे मी म्हणत नाही. हे सदर वाचणाऱ्यांत असे पुष्कळ असतील की जे आठवड्यातून दोन-तीनदा घेतात, ज्यांचे हात सकाळी थरथरत नाहीत, पण ज्यांना प्रमाण वाढत चालल्याची धास्ती वाटते. त्यांनी आधी महिनाभर वहीत रोजची नोंद करावी, उपाशीपोटी घेऊ नये, घरात बाटली ठेवू नये, आठवड्यातले कोरडे दिवस आधीच ठरवून घरच्यांना सांगावेत. विदेशी दारूच्या ३० मिलिलीटरमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे १८० च्या एका बाटलीत ६० ग्रॅम, हे ठाऊक असले की "थोडीच घेतली" या शब्दाला काही माप राहते. मोहाच्या किंवा हातभट्टीच्या दारूला तेही माप नाही, तिची ताकद प्रत्येक काढणीला वेगळी असते, त्यामुळे ती पिऊन "अर्ध्या ग्लासावर आलो" म्हणण्याला अर्थ उरत नाही. आणि स्वतः घातलेली मर्यादा दोन-तीनदा आपल्याच हातून मोडली, तर कमी करण्याचा हट्ट धरू नये.

तुमच्या बाबतीत मात्र तुमच्याच पत्रात उत्तर आहे. पाच महिन्यांनंतर तुम्ही एक घोट घेतलात आणि पंधरा दिवसांत दोन पव्व्यांवर आलात. ज्याच्या शरीराला सकाळी दारू लागते, त्याने एका पव्व्यावर थांबायचे ठरवले तर त्याला रोज संध्याकाळी पहिल्या पव्व्यानंतर नव्याने लढाई करावी लागते, आणि तीही दारू पोटात असताना, जेव्हा निर्णय घेणारी बुद्धीच आधी झिंगलेली असते. पूर्ण सोडणे कठीण आहे हे मी मान्य करतो, परंतु तुमच्यासाठी दोहोंपैकी तेच सोपे आहे.

आता दहा बेवडे एकमेकांना काय शिकवणार, याकडे येतो. तुम्ही ज्या बैठकीतून उठून आलात ती ए.ए.ची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची असावी असे वर्णनावरून वाटते. तिची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन नावाच्या शहरात दोन माणसांपासून झाली. एक शेअर बाजारातला दलाल, दुसरा शल्यविशारद, दोघेही दारूने पार खचलेले. दलालाला सोडून काही महिने झाले होते. परगावी एक व्यवहार फिसकटला, पुन्हा पिण्याची ओढ दाटली, तेव्हा त्याने कोणा उपदेशकाला न शोधता बोलण्यासाठी दुसरा एक दारुडा शोधून काढला. त्या शल्यविशारदाने त्याच वर्षी जूनमध्ये शेवटचा घोट घेतला. स्वतः डॉक्टर असल्याने दारूचे तोटे त्याला पुस्तकातून कळत होते, पण तेवढ्याने ती सुटली नव्हती. समोर बसलेला माणूस आपल्यासारखाच चोरून बाटली लपवणारा आहे, हे कळल्यावर तो ऐकू लागला.

अशा खुल्या बैठकीला कोणालाही बसता येते, आणि मी काही वेळा बसलो आहे. तिथे शिकवणे असे नसतेच. एक जण सांगतो की कापसाचा चुकारा हाती आला त्या दिवशी मी बाजारातून घरी न जाता कसा चौकात उतरलो. दुसरा सांगतो की असाच दिवस माझ्यावर आला तेव्हा मी बायकोला सोबत नेले. कोणी कोणाला सल्ला देत नाही, मधेच टोकत नाही. फी नसते, रजिस्टर नसते, आडनाव विचारत नाहीत; सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते. देवाचे नाव निघते, पण कोणता देव मानायचा हे ज्याचे त्याच्यावर सोडलेले असते. आजचा एक दिवस घ्यायची नाही, एवढाच त्यांचा संकल्प असतो. तुम्ही जन्मभराची शपथ घेतली होती, म्हणून ती मोडल्यावर सगळेच मोडले असे तुम्हाला वाटले. एका दिवसाचा संकल्प मोडला तर दुसऱ्या सकाळी तो पुन्हा करता येतो, आणि शरमेने महिनाभर तोंड लपवून पीत राहण्याची पाळी येत नाही.

साडूच्या गावचा तो माणूस तुम्हाला दिसला, आणि त्यालाही तुम्ही दिसलात. तो तिथे कशासाठी बसला होता याचा विचार तुम्ही केलात का? त्याचीही भीती तीच असणार. जो स्वतः त्या खुर्चीवर बसला आहे त्याला तुमची गोष्ट बाहेर सांगून काय मिळणार? बैठकीतले बोलणे बैठकीतच राहते हा तिथला नियम आहे. आणि जड मनाने एक गोष्ट सांगतो: गावाला तुमचे पिणे ठाऊक आहे. भट्टीवरून परतताना लोकांनी पाहिले आहे, किराणा दुकानातल्या उधारीवरून कळले आहे, तुमच्या मुलीच्या मैत्रिणींना कळले आहे. तुम्ही ज्याची लपवाछपवी करत आहात त्यातले आता फक्त तुमचे सोडण्याचे प्रयत्न तेवढे गावापासून लपलेले आहेत.

आणि आता मित्र. पत्राच्या इथे न छापलेल्या भागात तुम्ही लिहिले आहे की वडील गेले तेव्हा हेच चौघे सर्वांत आधी आले, बैल दगावला तेव्हा एकाने पेरणीपुरती आपली जोडी दिली. ही मैत्री खोटी आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि तसे मला वाटतही नाही. आपल्या खेड्यात दिवसभर राबलेल्या पुरुषाला संध्याकाळी बसायला, मन हलके करायला दुसरी जागा फारशी उरलेली नाही. ही उणीव दारूने भरून काढली, आणि दारू सोडणाऱ्याला हीच पोकळी सर्वांत आधी खायला उठते. पाच महिने तुम्ही दारूशिवाय काढलेत, पण त्या पाच महिन्यांत संध्याकाळी सहा ते आठ तुम्ही कुठे बसत होता, कोणाशी बोलत होता, याचा पत्रात कुठेच उल्लेख नाही. माझा कयास असा की तुम्ही घरात एकटेच बसत होता, आणि पोळ्याच्या दिवशी तुम्हाला घोटापेक्षा मित्रांसोबतचे ते बसणे अधिक हवे होते.

म्हणून मित्र सोडा असे मी सांगत नाही. निदान पहिले तीन महिने धुरा सोडा. त्यांना दिवसा भेटा, एकाच्या फवारणीला जा, दुसऱ्याला आपल्या डवरणीला बोलवा. पूर्वी इर्जिकीला माणसे जमायची तशी ही गाठ कामावरही टिकते की नाही ते तुम्हालाच दिसेल. चौघांत जो सर्वांत कमी घेतो त्याला एकट्याला गाठून सांगा की डॉक्टरच्या गोळ्या सुरू आहेत, पोळ्याला मला आग्रह करू नको आणि दुसऱ्यांनाही करू देऊ नको. खरे तेच सांगायचे असल्याने यात बहाणा शोधावा लागत नाही. मात्र त्यांना सुधारायला जाऊ नका. सोडून चार दिवस झालेला माणूस उपदेश करू लागला की मित्रही तुटतात आणि रागाच्या भरात त्याचीही पुन्हा सुरू होते.

त्या दोन तासांची सोय आधीच करून ठेवा. वावरातून आल्याआल्या हातपाय धुऊन जेवून घ्या, रात्रीच्या जेवणाची वाट पाहू नका. भूक, थकवा, राग आणि एकटेपणा या चार वेळी ओढ सर्वांत जास्त होते, हे जुने सोडलेले लोक अनुभवाने सांगतात, आणि वावरातून परतताना बहुधा हे चारही सोबत असतात. ओढ आली तरी ती साधारण अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ कोणाशी तरी बोलत राहणे हाच उपाय. तुमच्या गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होत असेल, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या वऱ्हाडात ती अजून पुष्कळ गावांत होते, तर तिथे जाऊन बसा. ती बैठकीची जागा घेणार नाही, कारण तिथे आपले मन मोकळे करायचे नसते, पण भट्टी उघडी असण्याची वेळ चार चांगल्या माणसांत जाईल. आठवड्यातून एकच रविवार मिळतो, म्हणून मधल्या सहा दिवसांसाठी त्या मावसभावाला रोज ठरलेल्या वेळी फोन करा. त्याच्यावर आपण भार घालतो आहोत असे समजू नका. त्या दलालाची गोष्ट आठवा: दुसऱ्याला सावरताना तोही सावरत होता. पुढे कधी गावातला आणखी एक जण तयार झाला, तर शाळेच्या ओट्यावर तुम्हा दोघांचीही बैठक होऊ शकते. त्यांच्या परंपरेत दोन-तीन जण पुरतात.

वर्ध्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. विदर्भातल्या या जिल्ह्यांकडे पाहून अनेक जण लिहितात की इथेही बंदी आली की आपोआप सुटेल. भट्टी दूर गेली तर मोह कमी होतो, हे खरे आहे आणि त्यासाठी लढणाऱ्या बायांविषयी मला मनापासून आदर आहे. पण ज्याला सकाळी थरथर सुटते त्याला बंदीच्या गावातही उपचार लागतातच. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियानाने गावसंघटनांच्या जोडीला तालुक्याच्या ठिकाणी व्यसन-उपचाराचीही सोय उभी केली, ती याच गरजेतून. तिकडच्या वाचकांनी तिचा लाभ घ्यावा. इतरांना १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय क्रमांकावर किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेच्या, क्रमांकावर पैसे न लागता बोलता येते. टेलिमानसवर मराठीत बोला.

हे पत्र तुमच्या घरी वाचले जाणार असेल, तर ताईंसाठी दोन शब्द. कोणी जेवणात मिसळायची पूड देऊ केली तर घेऊ नका. त्यातले काही औषध असे असते की त्याच्यावर दारू पडली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब एकदम उतरतो, हृदयावर ताण येऊन जीवही जाऊ शकतो. ते औषध डॉक्टर देतातही, पण पिणाऱ्याला सांगून आणि त्याच्या संमतीने. दुसरे, पहिल्या काही आठवड्यांत मन फार उदास होऊ शकते. फवारणीची औषधे तेवढे दिवस घरात न ठेवता भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या गोठ्यात कुलपात ठेवा, आणि ते जगण्याला कंटाळल्याचे बोलले तर ते हसण्यावारी न नेता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. आणि ते पुन्हा घसरले तर ती तुमची चूक नसेल. पिणाऱ्यांच्या घरच्यांचेही गट असतात. तुमच्या मावसभावाच्या घरच्यांना विचारा, त्यांनी हे दिवस काढले आहेत.

भाऊ, पोळ्याला दीड महिना आहे. या आठवड्यात यवतमाळला जाऊन डॉक्टरांना भेटलात तर भरतीचे दिवस आटोपून पोळ्याआधी तीन-चार रविवार हाती राहतात. बैठकीला गेलात की शेवटच्या खुर्चीवर बसू नका, तिथून दार फार जवळ असते. बोलायचे नसेल तर नाव सांगून "आज ऐकायला आलो आहे" एवढे म्हटले तरी पुरते. परतीची शेवटची एसटी कितीची आहे ते आधी पाहून ठेवा, आणि चुकलीच तर गाडीवर कोण सोडून देईल तेही मावसभावाला विचारून ठेवा. पोळ्याच्या दिवशी सकाळी बैलांना न्हाऊ घालताना एकदा आणि तोरण सुटल्यावर पुन्हा एकदा त्याला फोन करा. जमले तर त्यालाच सणाला घरी बोलवा. नंतर मला लिहा. त्या दिवशी घेतली असली तरी लिहा.